सिंगापूरचा भाग

जयवंताच्या कानाची पाळी खाली सुटी लोंबत नव्हती; ती सरळ गालाच्या कातडीला मिळाली होती. दोन्ही कानांची. त्यामुळे लहानपणी कान टोचताना सोनाराला जागा शोधावी लागली आणि पुढे कुठलेही डूल तिच्या कानात जरा तिरपेच बसले. तिच्या आईच्या, द्वारकाबाईंच्या पाळ्या मात्र सुट्या, लांब, वयाबरोबर आणखी खाली उतरलेल्या. औरंगाबादेत बी.एस्सी.ला असताना आनुवंशिकतेच्या तासाला सरांनी फळ्यावर नेमकी हीच दोन प्रकारच्या कानांची आकृती काढली. जयवंताने ती मुकाट्याने वहीत उतरवली आणि वसतिगृहावर आल्यावर आरशापुढे उभी राहिली. नाक आईचं. हनुवटी आईची. कपाळ आईचं नाही, भुवया आईच्या नाहीत, पाळ्या आईच्या नाहीत. आईचं वजा केलं की उरतं ते बापाचं, असं तिने धरलं. हे गणित पक्कं नव्हतं. पाळी बापाऐवजी त्याच्या बापासारखीही असू शकते, हे तिला त्याच तासाला कळलं होतं. पण घरात बापाचा फोटो नव्हता. बाप म्हणून तिच्यापाशी होतं ते एवढंच: एक कपाळ, दोन भुवया आणि गालाला मिळालेले कान.

बापाचं नाव पुंजाराम. टेंभुर्णीचा. घरी मेंढरं आणि थोडी शेती. जनावरांना त्याचा हात सराईत, म्हणून एक्केचाळीस साली तो निजामाच्या पलटणीबरोबर खच्चरं सांभाळायला गेला. तेव्हा जयवंता पोटात होती. मुंबईला बोटीवर चढला, एवढं कळलं. लढाई संपल्यावर अंबडकडचा कडूबा नावाचा एक जण परत आला. त्याने येऊन सांगितलं, सिंगापुरात होता, मी डोळ्यांनी पाह्यला, हातीपायी धड होता. त्यापुढे काही नाही. मग निजामाचं राज्यच गेलं, पलटणी मोडल्या, आणि विचारायचं कुणाला तेही उरलं नाही.

मेल्याची खबर नाही म्हणून द्वारकाबाईंचं कुंकू राहिलं. हातीपायी धड होता तर मग आला का नाही, याचं उत्तर धाकट्या दिराने, आबारावने, काढलं.

"तिकडंच बाई ठिवली असंल त्यानं," तो पारावर म्हणाला. "तिकडल्या बाया गोऱ्यापान ऱ्हातेत म्हनं."

पहिल्यांदा तो थट्टेने बोलला होता. दोन-चार वर्षांत गावाने ते खरं धरलं. द्वारकाबाईंना हळदीकुंकवाला बोलावणं यायचं, आणि त्या ओटी घ्यायला वाकल्या की बाया एकमेकींकडे बघायच्या. पण खरी अडचण व्हायची ती भादव्यात. पितरपाटात सासरच्या घरी, घरातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाचं एक पान वाढलं जाई. पुंजारामचं पान कुणी वाढत नसे. जित्या माणसाचं पितर घालायचं म्हणजे त्याला आपल्याच हाताने मारायचं. मेला म्हणावं तर ते पाप, आणि जिता म्हणावं तर तो बायको टाकून दुसरीकडे नांदतो आहे. दरवर्षी आबाराव दाराशी येऊन विचारी, "वहिनी, भाऊचं काय करायचं औंदा?" आणि दरवर्षी द्वारकाबाई म्हणत, "पुढल्या साली बघू."

जयवंताला बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात नोकरी लागली तशी ती आईला घेऊन तिथे आली. तिचं काम बियाण्यांची उगवण तपासण्याचं. ओल्या कागदात ठेवलेलं बी काही दिवसांनी उघडायचं. उगवलेलं एकीकडे, कुजलेलं एकीकडे. काही बिया मात्र ना उगवत ना कुजत. ठेवल्या तशाच, खड्यासारख्या टणक. त्यांना कठीण बी म्हणतात आणि ते मेलेल्यात धरत नाहीत. नवीन मुली तिला विचारायच्या, मग जिवंत धरायचं का, बाई? ती म्हणायची, वेगळं ठेवा. तिच्या लग्नाचं बघणं दोन-तीनदा निघालं, पण "मुलीचे वडील काय करतात?" या पहिल्याच प्रश्नाला आई आत निघून जायची आणि पाहुणे चहा पिऊन उठायचे. पुढे जयवंतानेच तो विषय मिटवला. जालना स्टेशनात गाडीची वाट पाहताना साठीतला एखादा पुरुष समोरून गेला तर ती आधी त्याच्या कानांकडे बघे. हे तिने कुणाला कधी सांगितलं नाही.

नव्व्याण्णव साली ती निवृत्त झाली आणि घरात केबल घेतली. श्रावणात एका परदेशी चॅनेलवर दर रविवारी संध्याकाळी एक मालिका लागायला लागली. आवाज हिंदीत बसवलेला. विषय होता इंग्रजांच्या फौजांचे गाजलेले पराभव. जयवंता सहज बघायला बसली. शेजारच्या मालनबाई आपल्या घरात नातवंडांचा गोंगाट म्हणून इकडे येऊन बसत. द्वारकाबाई भिंतीला टेकून सुपारी कातरीत आणि अधूनमधून मान वर करीत.

पहिल्या भागात आफ्रिकेतला डोंगर होता आणि भाले घेतलेले हजारो लोक.

"ढाली कशाच्या गं त्याह्यच्या?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"कातड्याच्या, माय. गाईच्या."

"अन् बंदुकीम्होरं टिकले?"

"त्या दिवशी टिकले."

दुसरा भाग काबूलच्या बर्फाचा. परत फिरलेल्या अख्ख्या फौजेतून एक डॉक्टर थकल्या घोड्यावर किल्ल्याशी पोचला, असं तो हिंदी आवाज गंभीरपणे म्हणाला.

"बाकीचे?"

"मेले. काही पकडले गेले."

द्वारकाबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. "त्या बाकीच्याच्या बायका काय म्हनल्या असतील ह्या डागदरला? तूच तेवढा कसा आला, म्हनल्या असतील."

मालनबाई हसल्या. "काय काय सुचतं वं तुमाला. म्या म्हनते, हे इंग्रज इतक्यांदा हारले, तर मंग आपल्यावर राज कसं केलं त्याह्यनी?"

"हारून बी माघारी येत व्हते म्हनून," द्वारकाबाई म्हणाल्या.

तिसऱ्या भागात इराकातलं नदीकाठचं एक गाव, वेढा पडलेला. आत कोंडलेल्या हिंदुस्थानी शिपायांना अन्न उरलं नाही, तेव्हा घोडी कापली गेली, खच्चरं कापली गेली.

"खच्चरं बी?"

"हो, माय."

"ज्यानं सांभाळली त्यालाच खायला लावली?"

भाग संपला आणि पुढच्या रविवारची जाहिरात लागली. समुद्र, बोटी, धुराचे लोट, आणि तो आवाज म्हणाला, "सिंगापुर." या शब्दाचा अर्थ आईला सांगावा लागला नाही. पुढच्या रविवारी दुपारी द्वारकाबाईंनी डोक्यावरून अंघोळ केली आणि पेटीतलं हिरवं लुगडं काढून नेसल्या. जयवंताने मालनबाईंना सांगून टाकलं की आज आईला बरं नाही.

त्या संध्याकाळी जयवंता टीव्हीच्या फार जवळ बसली. गोरे अधिकारी पांढरं निशाण घेऊन चालत गेले. जपानी सेनापती टेबलाशी बसला. मग कैदी झालेले हिंदुस्थानी शिपाई एका मोठ्या मैदानाकडे चाललेले, रांगाच रांगा. चित्र जुनं, त्यावर पावसासारख्या रेघा. जयवंता पुढच्या रांगेतली तोंडं बघत होती. कपाळ. भुवया. कान दिसेपर्यंत माणूस चौकटीबाहेर जायचा.

"थांब," मागून आई म्हणाली.

"टीव्ही थांबत न्हाई, माय."

"अगं, थांबव की त्याला."

चित्र बदललं. समुद्रकिनारा आला, नकाशा आला.

"व्हते," द्वारकाबाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, स्टेशनावर कुणी ओळखीचं दिसल्यासारखा. "तुहा बाप व्हता त्याच्यात."

हा भाग बुधवारी दुपारी पुन्हा लागणार होता. जयवंता सोमवारी सकाळीच केबलवाल्या बद्रीनाथकडे गेली. इतकी वर्षं एकाच गल्लीत राहून तिने त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. तिने हवं तेवढंच सांगितलं: बुधवारचा कार्यक्रम कॅसेटवर घ्यायचा आहे, त्यातलं एक चित्र थांबवून बघायचं आहे.

"बाई, तुमच्याकडं व्हीसीआर न्हाई," बद्रीनाथ म्हणाला. "अन् मोठी माय ह्या माझ्या जिन्यावर चढायची न्हाई. एक काम करतो. बेस्तरवारी दुपारचा पिक्चर लावायच्या आधी आपल्या व्हिडिओ चॅनलवर तीच कॅसेट लावतो. तुमी घरी बसून बघा. फोन कानाला ठिवा. थांब म्हनलं की थांबवतो, मागं म्हनलं की मागं घेतो. बराबर?"

जयवंताला ते बराबर वाटलं. आयुष्यभर प्रत्येक गोष्ट दोनदा तपासणाऱ्या त्या बाईच्या डोक्यात एक गोष्ट मात्र आली नाही, आणि बद्रीनाथच्याही नाही: तो चॅनेल सगळ्या बदनापुरात दिसतो.

गुरुवारी दुपारी गावातल्या बायका धुणीभांडी उरकून पिक्चरसाठी बसल्या होत्या. पिक्चरऐवजी जुन्या पलटणी चालताना दिसू लागल्या. इकडे जयवंता रिसीव्हर कानाला लावून उभी, द्वारकाबाई टीव्हीपुढे पाटावर.

"पुढं घ्या, बद्रीनाथ. अजून पुढं. हां, इथं. आता सावकाश."

रांगा आल्या.

"व्हय, ह्येच," द्वारकाबाई म्हणाल्या. "थांबव."

"थांबवा."

चित्र थांबलं. मधोमध एक पांढरा पट्टा थरथरत राहिला. जयवंता पुढे वाकली. पहिल्या रांगेत चौघे होते. एक फार वयस्क. दुसऱ्याची दाढी. उरलेल्या दोघांच्या कपाळांवरून तिची नजर फिरली.

"ह्यांच्यातला कोणता, माय?"

"ह्यांच्यातला न्हाई. थोडं मागं घ्यायला सांग."

"मागं घ्या, बद्रीनाथ."

सगळी पलटण उलट्या पावली चालत मागे गेली आणि पुन्हा पुढे आली. दारातून मालनबाईंचा आवाज आला, "आवं जयवंताबाई, काय झालं वं? आमच्या टीव्हीवर तेच ते लोक म्होरं-मागं चालून राह्यलेत. समदी आळी बाहीर आली."

"जरा थांबा, मालनबाई," जयवंता म्हणाली. मालनबाई थांबल्या, पण घरी गेल्या नाहीत. आत येऊन दाराशीच टेकल्या.

"ह्यो," द्वारकाबाई म्हणाल्या. त्या उठून टीव्हीपाशी गेल्या आणि काचेवर बोट टेकवलं.

बोटाखाली एका माणसाची पाठ होती. तो मैदानाच्या आत चालला होता, पाठमोरा. उजव्या खांद्यावर वळकटी, तो खांदा खाली उतरलेला. मान दिसत होती, मुंडाशाचा शेव दिसत होता. तोंडाचा एकही भाग दिसत नव्हता.

"माय, ह्याचं तोंड कुटं दिसतं?"

"तोंड न्हाई दिसत."

"मग ओळखलं कसं?"

"मी तोंड पाह्यलं व्हतं व्हय त्याह्यचं?" द्वारकाबाई म्हणाल्या. "सासू, आत्येसासू, दीर, समदे वसरीवर. पदर नाकाच्या खाली. दिसा नवऱ्याकडं तोंड वर करून बघायची सोय व्हती का? बाजारला जायचं तर ते म्होरं अन् मी मागं. म्होरच्या मानसाची पाठ दिसते. टाचा दिसतेत." त्या किंचित हसल्या. "अन् रातच्याला दिवा इझवल्याला."

मालनबाईंनी पदर तोंडाला लावला. जयवंता रिसीव्हर धरून उभीच होती. इतकी वर्षं ती समजत होती की बापाचं तोंड निदान एका माणसाच्या डोळ्यांत शाबूत आहे; आपण विचारलं नाही म्हणून आई सांगत नाही, एवढंच. त्या तोंडावर अर्धा हक्क आपला आहे आणि कधी तरी तो मागून घेऊ, असं तिने धरलं होतं. मागण्यासारखं तिथे काही नव्हतंच. आईकडे एक पाठ होती आणि तिच्याकडे दोन कान.

वळकटी घेतली की कुणाचाही खांदा खाली जातो, असं तिच्या अगदी ओठावर आलं.

"म्होरं जाऊ दे," द्वारकाबाई म्हणाल्या.

रांगा पुढे सरकल्या. द्वारकाबाईंचं बोट काचेवरून निघालं नव्हतं. आणखी एक पाठ त्याखालून गेली, तिचाही खांदा उतरलेला. मग आणखी एक. मग चौघांच्या चार पाठी एकदम.

"ह्यो बी तसाच," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "अन् ह्यो बी." मग त्यांनी बोट काढून घेतलं. "समद्यायच्याच पाठी तशा हायेत गं."

"हो, माय."

"किती लोक हायेत हे?"

"सगळे मिळून ऐंशी हजारांच्या वर, म्हणला तो. गोरे, आपले, समदे धरून."

"एका टायमाला धरले?"

"एकाच दिवशी हत्यारं खाली ठेवली. त्यांच्या साहेबांनीच ठेवायला लावली."

"मंग माघारी आले का हे?"

जयवंताने विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं आणि वाढवूनही सांगायचं नव्हतं. "पुष्कळ आले. हजारो न्हाई आले. कुणी बेटावर नेऊन कामाला लावले, कुणी रोगानं गेले, कुणाच्या बोटी बुडाल्या. कित्येक कुटं मेले ते अजून कुणालाच ठाऊक न्हाई."

द्वारकाबाई परत पाटावर येऊन बसल्या.

"मला वाटायचं, लढाईला गेलेले समदे आले अन् हे एकलेच राह्यले," त्या म्हणाल्या. "कडूबा आला. अंबडचे दोघं आले. आबाराव म्हनायचा, ह्यालाच कसं येता येईना? म्या म्हनायची, खरंच की." मग म्हणाल्या, "एवढ्या हजार मानसांनी काय बाया ठिवल्या व्हय तिकडं?"

मालनबाई हसायला गेल्या आणि त्यांना हसता आलं नाही.

"आबाराव जिता असता तर दाखवला असता त्याला," द्वारकाबाई म्हणाल्या आणि तोंड धुवायला मोरीकडे गेल्या.

रिसीव्हरमधून बद्रीनाथ हळूच म्हणाला, "बाई, चार फोन आले दुसऱ्या लाइनीवर. पिक्चर कव्हा लागायचा म्हनून इचारून राह्यले. सोडू का?"

"मघाच्या जागी एकदा नेता? पाठीपाशी."

पलटण पुन्हा उलटी चालली आणि थांबली. जयवंताने खुर्ची ओढून घेतली आणि त्या पाठीकडे, त्या मानेकडे बघत बसली. मानेवर घामाचा की मातीचा एक डाग होता. हा माणूस तिचा बाप असण्याची शक्यता किती, ते तिला कळत होतं; तिने तो हिशेब केला नाही. त्याने एकदा वळून बघावं एवढंच तिला हवं होतं, आणि चित्रातला माणूस वळत नसतो हेही कळत होतं. बाहेर आळीत बायका बोलत उभ्या होत्या. सगळं बदनापूर त्या एका पाठीपुढे खोळंबलं होतं.

"सोडा," ती म्हणाली. "उपकार झाले, बद्रीनाथ."

पिक्चरचं गाणं सुरू झालं.

गणपती बसले, उठले. पौर्णिमेला टेंभुर्णीहून साहेबराव आला. आबारावचा थोरला मुलगा, आता तोच घरचा कारभारी. आबाराव, ज्याला घरची मुलं दादा म्हणत, त्याच उन्हाळ्यात गेला होता. साहेबरावने शेतातला भोपळा आणि थोडी गवार आणली होती. पिशवी ठेवून तो भिंतीशी बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मोठी माय, आमच्या दादाचं औंदा पह्यलंच पितर हाय. तुमी अन् आक्का या म्हनतो."

"यिऊ की."

जयवंता आतून चहा घेऊन आली. साहेबराव बशीत चहा ओतत म्हणाला, "दरसाल दादाच इचारायचा तुमाला. आता मीच इचारतो, राग मानू नका. मोठ्या बाबाचं कसं करायचं? का पुढल्या साली?"

त्याला उत्तर पाठच होतं. विचारून त्याने चहा प्यायला सुरुवात केली. द्वारकाबाई बोलेनात, तेव्हा त्याने बशी खाली ठेवली.

"तुहा बाप म्हनायचा, त्यो तिकडं सुखात हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "म्या बी म्हनले, मला टाकून का व्हईना, जिता ऱ्हाऊ दे कुटं तरी. जिता हाय तर जेवत असंल. म्हनून म्या पान वाढू दिलं न्हाई."

"गेल्या मानसाचं बोलनं मनात धरू नका, मोठी माय."

"न्हाई धरत. त्याला तरी काय म्हाईत व्हतं? कुनी बघितलं व्हतं तवा?" त्यांनी टीव्हीकडे हात केला. "टीव्हीत पाह्यलं म्या. लय मानसं व्हती रं. ते काय पळाले न्हाईत. समद्यायच्या संगट चालले व्हते, खाली मान घालून. अन् म्या इकडं एवढे वर्स उपाशी ठिवलं त्याह्यला. ना जित्यात जेवले, ना मेल्यात."

जयवंता दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. आईकडे न बघता तिने विचारलं, "माय, मग तुझं कुंकू?"

"कुंकवाचं माझं मी बघीन. त्ये लोकांनी सांगायचं काम न्हाई." द्वारकाबाईंनी पदर सारखा केला आणि पुतण्याकडे तोंड वर करून बघितलं. "साहेबा, औंदा पान जास्तीचं वाढ. तुह्या बापाच्या शेजारीच मांड, भाऊ भाऊ हायेत. पुंजारामाचं पान वाढ."